एक साअ, अर्धा साअ

रमजानमधलं दान म्हटलं की आपण जकात आणि फित्रा एकाच पोत्यात भरतो. तसं करू नये. जकात साठलेल्या धनावर, वर्षाला अडीच टक्के. ती रमजानमध्येच द्यावी असा नियम नाही; पुण्य अधिक म्हणून बरेच लोक या महिन्यात देतात. फित्रा मात्र याच महिन्याचा. तो धनाच्या टक्क्यावर नाही, माणशी आहे. घरात ईदच्या आदल्या दिवशी मूल जन्मलं तरी त्याचाही फित्रा बापाने द्यायचा, आणि तो ईदच्या नमाजाआधी, म्हणजे सणाच्या दिवशी कुणाला हात पसरावा लागू नये.

परंपरेनुसार हिजरी सन 2, म्हणजे इ.स. 624 च्या सुमारास मदिनेत हा नियम झाला. इब्न उमर यांच्या हदीसमध्ये प्रमाण आहे माणशी एक साअ खजूर किंवा एक साअ जव. साअ म्हणजे काय? आपली पायली आठवा. वजन नव्हे, माप. पायलीचे चार शेर, तसे साअचे चार मुद्द. आणि पायली जशी मुलखागणिक बदलायची, तसा मदिनेचा साअ वेगळा, इराकचा वेगळा.

आता खरी गोष्ट पुढे आहे. मुआविया खलिफा असताना (661 ते 680) यात्रेच्या निमित्ताने मदिनेला आले आणि मिंबरवरून म्हणाले, की सीरियाच्या गव्हाचे दोन मुद्द हे एक साअ खजुराच्या तोडीचे आहेत असं मला वाटतं. मदिनेत गहू बाहेरून यायचा, त्याला मोल होतं. लोकांना हिशेब पटला. अबू सईद अल-खुद्री या पैगंबरांच्या सहाबींना पटला नाही. मी आजवर देत आलो तेवढंच देणार, असं त्यांनी सांगून टाकलं.

पुढे हनफींनी अर्धा साअ गहू मानला (त्यांच्याकडे यासाठी इतरही हदीस आहेत, हे सांगायला हवं) आणि धान्याऐवजी रोख रक्कमही चालेल म्हटलं. शाफईंचा आग्रह पूर्ण साअचा, तोही त्या भागातल्या रोजच्या धान्याचा. हा वाद लांबचा वाटेल, पण सह्याद्रीच्या दोन बाजूंना तो आजही दिसतो. कोकणी मुसलमान शाफई, तेव्हा तिथे माणशी साधारण अडीच किलो तांदूळ. घाटावरचे बहुतेक हनफी, तेव्हा अर्धा साअ गहू किंवा त्याचे पैसे.

आम्हाला वाटतं, मुआवियांनी सांगितला तो भाव होता. भाव बदलला, माप तसंच राहिलं. आज गहू स्वस्त आणि खजूर महाग, त्यामुळे मूळ हिशेब पार उलटा झाला आहे, आणि तोटा घेणाऱ्याचा होतो. म्हणून रमजानच्या अखेरीस फित्र्याचे दर जाहीर होतात तेव्हा गहू, जव, खजूर, मनुका असे वेगवेगळे आकडे दिलेले असतात. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे निवडावं. मोटारीतून उतरणाराही गव्हाच्याच ओळीवर बोट ठेवतो, ही तक्रार उलेमांचीच आहे.