आमचं नाक, आमचं रक्त, आमची अक्कल

पेण-रोह्याच्या आपल्या पोरांत सध्या एक वाद पेटलाय. कातकरी वाड्यांवर, बौद्धवाड्यांत मुंबई-पुण्याच्या कॉलेजची मुलं फॉर्म घेऊन येतात. कुणी लहान पोरांचं वजन करतं, दंडाला टेप लावतं. कुणी बायांना विचारतं, पोरं किती, जगली किती, मेली किती. कुणी शाळेत जाऊन चित्रांचे तुकडे जुळवायला देतं आणि घड्याळ लावून बसतं. आपले अर्धे कार्यकर्ते म्हणतात, हाकला यांना. अर्धे म्हणतात, येऊ द्या, आकडा दाखवल्याशिवाय सरकार हलत नाही.

मला दोघांचंही अर्धंच पटतं. आपला मुलूख मुंबईच्या इतका जवळ की दिवा-रोहा गाडीत बसून सकाळी निघालेला माणूस फॉर्म भरून रात्री घरी जेवायला जातो. त्यामुळे येणारे येतच राहणार. तेव्हा हे मोजणं कधीपासून चाललंय आणि त्यातून कुणाचं काय झालं, एवढं तरी आपल्याला ठाऊक पाहिजे. शाळेतल्या इतिहासात हे येत नाही.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करतो. तेव्हा त्याचं नाव कुलाबा. रायगड हे नाव १९८१ सालचं. १८८३ साली मुंबई सरकारनं कुलाबा आणि जंजिऱ्याचं गॅझेटियर छापलं. पेण, रोहा, महाड, सगळ्या तालुक्यांची भातं, मिठागरं, बंदरं त्यात मांडली आणि त्याच ओळीत माणसंही मांडली. अमुक जात दिसायला अशी, खाते असं, स्वभाव असा. जसं भाताच्या वाणाबद्दल लिहावं तसं. हा वाण कष्टाळू, तो वाण आळशी. कातकऱ्यांना कुणी विचारलं नसणार की बाबांनो, जंगल कायद्यानं तुमचं काय झालं.

त्याच सुमाराला लष्करात एक 'शास्त्र' आलं. काही जाती म्हणे जन्मानंच लढवय्या, बाकीच्या नाहीत. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ सरसेनापती होता, त्याचा या सिद्धांतावर भारी विश्वास. कोकणातले महार तोवर पिढ्यान् पिढ्या मुंबई लष्करात होते. कुलाबा-रत्नागिरीच्या किती घरांत पेन्शन येत होती, पलटणीच्या शाळेत पोरं शिकत होती! १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही भरती बंद झाली. कुठल्या लढाईत आपली माणसं पळाली म्हणून नव्हे. फक्त सिद्धांत बदलला म्हणून. घरात येणारी भाकरी एका थिअरीनं बंद झाली, हे नीट ध्यानात घ्या. रिसर्च म्हणजे कागदावरची गोष्ट असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगतोय.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः पेन्शनर. त्यांनी १८९४ साली भरती पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज तयार केला. त्यांच्या संस्थेचं नाव अनार्य दोषपरिहारक मंडळी. नावातला 'अनार्य' बघा. आर्य-अनार्य ही भाषा युरोपातल्या पंडितांनी काढलेली आणि आपल्या माणसाला न्याय मागायलासुद्धा तीच वापरावी लागली. वलंगकरांना दोष देत नाही मी. त्या काळात त्यांच्याएवढं लिहिणारा माणूस शोधून दाखवा. पण मोजपट्टी दुसऱ्याची असली की भांडणही त्याच्याच अंगणात करावं लागतं.

मग नाकं मोजायला सुरुवात झाली. हर्बर्ट रिस्ले नावाचा आय.सी.एस. अधिकारी, १९०१ च्या जनगणनेचा कमिशनर. त्याचा हिशेब सोपा. नाकाची रुंदी घ्यायची, लांबीनं भागायची, शंभरानं गुणायचं. आकडा मोठा आला तर नाक बसकं. रिस्लेनं जाहीर केलं की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. म्हणजे माणसाची पायरी ब्रह्मदेवानं नव्हे, नाकानं ठरवलेली. मनूला विज्ञानाचा कोट चढवला, झालं. सरकारनं या मोजणीला पैसे दिले, मुंबई इलाख्याचं काम एन्थोवेनकडे आलं आणि १९२० ते १९२२ मध्ये त्याचे तीन खंड निघाले.

बाबासाहेबांनी १९१६ साली, कोलंबियात विद्यार्थी असतानाच, जात आणि वंश एक नाहीत असं निबंधात मांडलं होतं. पण १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. मुंबई विद्यापीठातले गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली आपल्या पुस्तकात वेगवेगळ्या प्रांतांतली ही मोजमापं तपासली होती. बाबासाहेबांनी त्यांचेच आकडे घेतले आणि प्रांताप्रांतात ब्राह्मणाचं नाक अस्पृश्याच्या नाकाशेजारी ठेवलं. निष्कर्ष काय? हे मोजमापाचं शास्त्र खरं धरायचं असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे निघतात. ब्राह्मण आर्य असेल तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असेल तर अस्पृश्यही द्रविड.

यातला 'खरं धरायचं असेल तर' सोडू नका. बाबासाहेब त्या शास्त्राचे भक्त झाले नाहीत. मोजणाऱ्यावर दगडही मारला नाही. त्याची वही मागितली, आकडे वाचले आणि त्याच्याच तोंडावर ठेवले. आपल्यातले जे 'हाकला' म्हणतात त्यांनी हे प्रकरण दोनदा वाचावं.

आता रक्त. १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत सिकलसेल सापडला. रक्तातली पेशी विळ्यासारखी वाकते, रक्त अडतं, पोराचे सांधे असे दुखतात की ते गुरासारखं ओरडतं. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लेख छापला. नागपूर भागात हा आजार आपल्या माणसांत फार आहे हे जगाला कळलं. दोन वर्षांपूर्वी, १९५६ साली, त्याच नागपुरात लाखोंनी धम्म घेतला होता. पण पुढं कित्येक शोधनिबंधांत रक्ताच्या बाटलीवर जुनीच जात राहिली. माणसानं धर्म बदलला, बाटलीनं बदलला नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पोरं मला विचारतात. हा आजार 'जातीचा' नाही. जिथं मलेरिया पिढ्यान् पिढ्या होता तिथं हा गुण टिकला, कारण आईबापांपैकी एकाकडूनच तो आला तर माणूस मलेरियापासून बराच वाचतो. दोघांकडून आला तर आजार. आफ्रिकेत तेच, अरबस्तानात तेच, विदर्भात तेच. लग्नं जातीतल्या जातीत लावली की तो तिथंच फिरत राहतो. म्हणजे जातिव्यवस्था रक्तातून येत नाही, पण रक्तात दुखणं कोंडून मात्र ठेवते.

आणि आता अमेरिका बघा. आपल्या पँथरनं जिचं नाव घेतलं त्या ब्लॅक पँथर पार्टीनं १९७१ पासून आपल्या दवाखान्यांत काळ्या वस्त्यांसाठी सिकलसेलची फुकट तपासणी सुरू केली. स्वतःच्या माणसांचं रक्त स्वतः तपासलं आणि ओरडून सांगितलं की सरकार याच्यावर पैसा घालत नाही. १९७२ साली तिथं सिकलसेलवर राष्ट्रीय कायदा झाला. त्याच १९७२ मध्ये टस्कीगीचं प्रकरण फुटलं. अलाबामातल्या ३९९ गरीब काळ्या सिफिलिस रोग्यांना सरकारी डॉक्टरांनी १९३२ पासून, चाळीस वर्षं, नुसतं बघत ठेवलं होतं. पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. रोग शेवटाला कसा जातो ते पाहायचं होतं. आणि तेच १९७२, मुंबईत दलित पँथर निघाली. आम्ही तिकडून कविता घेतली, नाव घेतलं, राग घेतला. दवाखाना घेतला नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. नागपूरच्या १९५८ च्या निबंधानंतर देशपातळीवरची सिकलसेल मोहीम २०२३ साली निघाली. मधे राज्यानं काही केलं, संघटनांनी केलं. तरी पासष्ट वर्षं मोजा बोटांवर. तिचाही भर आदिवासी भागांवर. मग नागपूरच्या झोपडपट्टीतल्या बौद्ध पोराचं काय, हे विचारणारे आपणच पाहिजेत.

टस्कीगी परदेशातली म्हणून सोडू नका. आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव) १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची मोठी चाचणी झाली. १,३१,७४६ बाया, गावांचे चार गट. तीन गटांना वेगवेगळ्या तपासण्या. चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायांना माहिती दिली, पण तपासणी नेहमीच्या सरकारी सोयीवर सोडली. २००९ साली निकाल छापला. विषाणूची तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. या आकड्यांमुळे जगभर तपासणीचं धोरण बदललं, पुढं कितीतरी बाया वाचतील. हे खोटं नाही. पण अमेरिकेत या कॅन्सरची तपासणी कितीतरी वर्षं आधीपासून चालू होती. मग 'नेहमीची सोय' म्हणजे काहीच नाही, हे माप खेड्यातल्या बाईलाच का? शास्त्रज्ञ याचं उत्तर देतात की इथं आधीही तपासणी नव्हतीच, आम्ही काही काढून घेतलं नाही. उत्तर कायद्यात बसतं. माझ्या गळ्याखाली उतरत नाही.

राहिली अक्कल. फ्रान्सात बिनेनं १९०५ साली बुद्धीची चाचणी केली ती मागं पडणाऱ्या पोरांना मदत मिळावी म्हणून. व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात धारवाडला ती कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. काम मोठं, यात शंका नाही. पण सरासरी काढायला मुलं लागतात आणि त्या काळी शाळेत टिकणारी मुलं कुणाच्या घरची, हे सांगायला नको. त्या सरासरीवर मग वीटभट्टीवरून आलेल्या कातकरी पोराला बसवायचं आणि 'मंद' असा शेरा मारायचा. जे पोर नुसता आवाज ऐकून पाखरू ओळखतं ते मंद!

या शेऱ्याचं खरं उत्तर उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात मिळालं. २००३ साली कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी सहावी-सातवीतली ३२१ वरच्या जातींची आणि ३२१ खालच्या मानलेल्या जातींची मुलं घेतली. कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली, बरोबर उत्तराला पैसे. जात कुणीच बोललं नाही तेव्हा दोघांत फरक नाही. नंतर सगळ्यांसमोर नाव, गाव आणि जात पुकारली. आपल्या पोरांची सुटलेली कोडी सुमारे पाचव्या भागानं घसरली. पोरं तीच, डोकं तेच. मधे फक्त एक शब्द आला. आणि बघा, हे सिद्ध करायला शास्त्रज्ञांनाही भर वर्गात पोरांची जात पुकारावीच लागली. त्या पोरांना त्या रात्री झोप लागली का, ते कुठल्या तक्त्यात नाही.

आपल्याच जिल्ह्यात वेगळंही घडलंय. १९७० च्या दशकात डॉ. नोशिर अंतिया यांनी अलिबाग तालुक्यात मांडव्याच्या तीसेक गावांत आरोग्याचं काम उभं केलं. मोठे सर्जन, पण त्यांचा प्रश्न असा: गावातल्या थोडं शिकलेल्या बाया क्षय, कुष्ठरोग ओळखू शकतील का, औषध देऊ शकतील का? बायांनी करून दाखवलं. त्याही रिसर्चमध्ये वही होती, आकडे होते. फक्त वही बाईच्या हातात होती. दहाएक वर्षांत ते बंद पडलं. बाया शहाण्या झालेल्या गावच्या पुढाऱ्यांना सोसल्या नाहीत.

तेव्हा वाडीवर उद्या कोणी आला तर चहा द्या आणि विचारा. परवानगी कुठल्या एथिक्स कमिटीची, तिचा फोन काय? संमतीचा कागद मराठीत आहे का, त्याची प्रत बाईकडे राहणार का? नको वाटलं तर मधेच सोडता येईल का? काही बिघडलं तर उपचार कोण करणार? वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांत हे सगळं आहे. आपण मेहेरबानी मागत नाही. आणि एक नियमांत ठळक नसलेलं: निकाल लागल्यावर वाडीवर येऊन, बसून, सगळ्यांना वाचून दाखवणार का? याला 'हो' म्हणणारा आला तर मी स्वतः त्याच्याबरोबर घरोघर फिरेन.

पेणच्या अभ्यासवर्गात या वेळी 'द अनटचेबल्स'चं सातवं प्रकरण घेतोय. ज्यांना गुणाकार-भागाकार येतो त्यांनी वही-पेन्सिल घेऊन यावं. तक्ते आपण स्वतः पुन्हा करून बघणार आहोत.