नळ, टाकी आणि कान

गेल्या पावसाळ्यात धसईच्या घरी कॉम्प्युटरवर माझ्या कविता रेकॉर्ड करायला बसलो होतो. हेडफोन कानाला लावले, पुतण्यानं बटण दाबलं आणि कानात फटाकाच फुटला. दोन दिवस उजव्या कानात शीळ वाजत होती. ‘चाचा, मी आवाज वाढवलाच नव्हता हो,’ पुतण्या काकुळतीनं सांगत होता. खरंच, आवाजाची पट्टी निम्म्यावरच होती. पण साउंड कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘गेन’ नावाची आणखी एक चावी असते, ती कोणीतरी पार वर नेऊन ठेवली होती.

कवीचा कान गेला तर उरलं काय? मात्रा चुकली की आधी कान दचकतो, मग डोकं. म्हणून या गेनच्या मुळाशी जायचं ठरवलं आणि थेट रेडिओच्या बाळपणात पोचलो.

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. त्या काळचा स्वस्तातला रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला वीज नाही, बॅटरी नाही, आवाज वाढवणारं काहीच नाही. लांब तार टांगायची आणि हवेतून जी चिमूटभर शक्ती मिळेल तीच कानापर्यंत न्यायची. एवढ्याशा शक्तीवर पडदा हलावा म्हणून हेडफोनमध्ये केसासारख्या बारीक तारेचे भरमसाट वेढे असत. त्यांचा रोध दोन-दोन हजार ओहमच्या घरात जाई. एकानं ऐकायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं! त्या हेडफोननं कोणाचा कान दुखावण्याची भीती नव्हती.

पुढे व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर आले, घराघरांत स्पीकर बोलू लागला, हेडफोन मागे पडला. १९७९च्या जुलैत सोनीनं वॉकमन बाजारात आणला आणि तो परतला, पण स्वभाव पालटून. खिशातल्या यंत्राच्या छोट्या सेलवर चालायचं, म्हणून असे हेडफोन १६-३२ ओहमवर आले; थोडक्या दाबातच खणखणीत वाजणारे. स्टुडिओतले काही हेडफोन मात्र २५०, ३००, ६०० ओहमचेच राहिले. त्यांना दाब जास्त लागतो. दोघांचीही सोय व्हावी म्हणून काही साउंड कार्डांत गेनच्या पायऱ्या असतात: ६४ ओहमपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरी, ६०० पर्यंत तिसरी.

गेन म्हणजे टाकीची उंची आणि व्हॉल्यूम म्हणजे नळ. टाकी गच्चीवर चढवली की नळ जरासा फिरवला तरी फवारा. आमच्या शेजारच्या शहापूर तालुक्यातलं तानसा-भातसाचं पाणी मुंबईच्या नळांना जातं. उंचीचा आणि नळाचा हिशेब आम्हाला कोणी शिकवायला नको. माझा हेडफोन ३२ ओहमचा आणि गेन ६०० ओहमचा! अशानं १८ डेसिबल वाढले, तर दाब आठपट आणि शक्ती सुमारे चौसष्टपट होते.

जागतिक आरोग्य संघटनेनं आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं २०१९मध्ये प्रौढांसाठी माप सांगितलं: ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १८ डेसिबल चढले की आठवड्याचे ४० तास ४० मिनिटांच्याही आत येतात. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ‘थोडक्यात वाचलात.’ आतल्या केसपेशी मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

आता आमच्या घरी रीत ठरली आहे. हेडफोन टेबलावर, आवाज शून्यावर, गेन सर्वांत खालच्या पायरीवर. मग हेडफोन कानाला, आणि आवाज हळूहळू वर. पट्टी संपत आली तरी ऐकू येईना, तरच गेनची एक पायरी चढायची, तीही हेडफोन काढून, आवाज पुन्हा शून्यावर आणून. पुतण्यानं हे सगळं कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलंय. ‘पायरी’ची वेलांटी त्यानं ऱ्हस्व काढली आहे, ती मी अजून दुरुस्त केलेली नाही.