सोलापूरचा खटला कुठे वाचायचा?

थ्रेड.

८ मे १९३० रोजी सोलापुरात जमावाने न्यायालयाच्या इमारतीला आग लावली. गांधीजींना ५ मे रोजी अटक झाल्यापासून शहर धुमसत होते. त्याच दिवशी मंगळवार पेठेच्या चौकीत दोन पोलीस शिपाई मारले गेले. १२ मेपासून ३० जूनपर्यंत शहरावर मार्शल लॉ होता.

चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, हेही आपल्याला पाठ असते. परंतु साक्षीदार काय म्हणाले, बचाव काय होता, हे आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे?

एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. त्या काळी येथे दोन प्रकारची न्यायालये चालू होती. एक लष्करी, झटपट शिक्षा देणारे. त्याच्या अधिकारांचा वाद 'चनाप्पा शांतिराप्पा विरुद्ध बादशहा' या नावाने मुंबई उच्च न्यायालयात गेला. तो निकाल 'ऑल इंडिया रिपोर्टर'च्या १९३१ च्या खंडात छापलेला आहे. दुसरे नेहमीचे सत्र न्यायालय. शिपायांच्या खुनाचा खटला या दुसऱ्या न्यायालयात चालला.

हा फरक संशोधकाच्या फार उपयोगाचा आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७४ नुसार सत्र न्यायाधीशाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नसे, आणि त्यासाठी खटल्याचे कामकाज वर पाठवावे लागे. (हा नियम आजही आहे.) म्हणून माझ्या मते शोधाची सुरुवात सोलापुरात नव्हे, मुंबईत करावी: उच्च न्यायालय, आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागार. केंद्राच्या गृहखात्याच्या धारिकांसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येते.

अलीकडचा खटला हवा असेल, तर ई-कोर्ट्सवर पक्षकाराचे नाव किंवा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक टाकून तारखा व आदेश दिसतात. संपूर्ण कागद हवे असल्यास जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करावा लागतो. आपण पक्षकार नसाल, तर कारण सांगावे लागते. येथे माहिती अधिकाराचा अर्ज उपयोगी पडत नाही. न्यायालयाचे स्वतःचे नियम असताना नकला त्याच नियमांनी मागाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात ठरवले.

आणि विलंब नको. १९१७ च्या अभिलेख-नाश कायद्यान्वये मुदत संपलेले कागद नष्ट करण्याची तरतूद आहे. सोलापूरचे काही कागद आगीने नेले असतील; उरलेले नियमानेही जाऊ शकतात.