घड्यातली चिठ्ठी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास मराठी माणूस इथे आला की आवर्जून पाहतो. कुणाचा मुलगा कोण, गादीवर कोण, असा तो मजकूर. मी सध्या तमिळमधून मराठीत आणते आहे तो शिलालेख याच्या नेमका उलट बोलतो. हे देऊळ बांधणाऱ्या राजराजाचा पणजोबा, पहिला परांतक, याच्या काळातला, इ.स. ९२१चा, कांचीपुरमकडच्या उत्तरमेरूर गावातला.

गावाचे तीस वाडे. प्रत्येक वाड्यातून पात्र माणसांची नावे ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून घड्यात टाकायची आणि लहान मुलाकडून एक काढवायची. तमिळ शब्द ‘कुडवोलै’. ‘घटपत्र’ पोथीतले वाटते, म्हणून मी ‘घड्यातली चिठ्ठी’ लिहिते. तळ्याची समिती, बागांची समिती, मुदत ३६० दिवस. मागच्या तीन वर्षांत कुठल्याही समितीवर असलेल्याचे नाव घड्यात जाणार नाही. हिशेब न देणारा तर कायमचा बाद, आणि त्याच्यासोबत त्याचा मावसभाऊ, आतेभाऊ, मामा, भाचा, मेव्हणा, जावईसुद्धा. इंग्रजी अनुवादक इथे नात्यांची लांबलचक फोड करत बसतात. मराठीत एकेका शब्दात काम होते. आपल्यालाही हे सगळे लोक ठाऊक आहेत.

अर्थात ही ब्राह्मणांच्या अग्रहाराची सभा. जमीन, स्वतःचे घर आणि वेदाध्ययन नसेल तर चिठ्ठीच नाही. बायकांचा प्रश्नच नव्हता. तिला लोकशाही म्हणून मिरवणे मला पटत नाही. पण सत्ता एकाच हाती मुरते ही धास्ती त्यात खरी आहे.

अमेरिकेत १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की काँग्रेसच्या सदस्यांना कार्यकाळाची मर्यादा राज्ये स्वतःहून घालू शकत नाहीत. म्हणून तिथली काही राज्ये आता घटनादुरुस्तीसाठी परिषद मागतात. त्याला ३४ राज्ये लागतात. आपल्याकडे तीही वाट नाही. अनुच्छेद ३६८प्रमाणे दुरुस्तीचे विधेयक फक्त संसदेतच मांडता येते, म्हणजे ज्यांची मुदत कापायची त्यांनीच.

महाराष्ट्रात सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत असते, तेव्हा चिठ्ठी काढायला अजून शाळेतले पोरच बोलावतात. मात्र ती चिठ्ठी प्रवर्ग ठरवते, माणूस नाही. आणि पद राखीव झाले की पुष्कळदा जुन्या सरपंचाची बायको उभी राहते. उत्तरमेरूरच्या यादीत बायको नाही. तिची गरजच पडली नसावी.