ई-दुकानाचे सॉफ्टवेअर : जुन्या पुस्तकांचा व्यापार (आबिड्स, हैदराबाद)

आबिड्सच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याने, किंवा त्याच्याकडून माल घेऊन घरून विक्री करणाऱ्याने, स्वतःचे ऑनलाइन दुकान उघडताना कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा या नोंदीचा विषय. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सेवेत असलेले आल्बर्ट आबिद यांच्या दुकानावरून या भागाला आबिड्स हे नाव पडले. हैदराबादचे जनरल पोस्ट ऑफिस इथेच आहे. रविवारी पक्की दुकाने बंद असतात आणि त्यांच्यापुढच्या पदपथांवर इंग्रजी, तेलुगू, उर्दू, हिंदी पुस्तकांचे ढीग लागतात. त्यांत मराठी पुस्तकेही निघतात, यात नवल नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था शहरात १९०७ पासून आहे, आणि कोठी, सुलतान बाजार परिसरातल्या मराठी घरांतले संग्रह पिढी बदलली की रद्दीच्या वाटेने इथवर येतात. अशा पुस्तकाचा खरा वाचक लातूरला किंवा पुण्याला बसलेला असतो आणि रविवारी आबिड्सला येऊ शकत नाही. ऑनलाइन दुकानाची गरज आहे ती त्याच्यासाठी.

या व्यापाराचे सगळ्यात मोठे वैशिष्ट्य म्हणजे प्रत्येक मालाची एकच प्रत. साबण किंवा साड्या विकणाऱ्याने एक वस्तू एकदा नोंदवली की ती शंभरदा विकता येते. जुन्या पुस्तकाचे वर्णन, छायाचित्रे, वजन, किंमत हे सगळे एकदाच विकल्या जाणाऱ्या वस्तूसाठी करावे लागते. म्हणून सॉफ्टवेअर पारखताना संकेतस्थळाच्या मुखपृष्ठाची सजावट शेवटी बघावी. आधी एक पुस्तक मोबाइलवरून चढवायला किती वेळ लागतो ते बघावे. चार मिनिटांऐवजी दहा मिनिटे लागत असतील, तर पाचशे पुस्तकांमागे पन्नास तास जास्त जातात.

दुसरी कसोटी दुहेरी विक्रीची. सांगली आणि नांदेडची दोन गिऱ्हाइके एकाच वेळी एकच प्रत टोपलीत टाकू शकतात, कारण बहुतेक प्रणालींत टोपलीत टाकल्याने प्रत राखून ठेवली जात नाही. वूकॉमर्स या ई-दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑर्डर नोंदली गेली पण पैसे यायचे आहेत, अशा अवस्थेत माल किती मिनिटे अडवून ठेवायचा याचा रकाना असतो. मुळात तिथे ६० मिनिटे भरलेली असतात. यूपीआयचे पैसे दोन मिनिटांत येतात, म्हणून एकाच प्रतीच्या दुकानात हा आकडा पंधरावर आणणे शहाणपणाचे. बँकेत पैसे भरतो म्हणणाऱ्याची ऑर्डर मात्र या घड्याळात येत नाही. ती हाताने रद्द करेपर्यंत प्रत अडकून राहते. शॉपिफाय या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साठा संपल्यावरही विक्री चालू ठेवण्याची एक खूण असते, ती प्रत्येक पुस्तकाला बंद आहे ना हे तपासावे. तेच पुस्तक पदपथावरही मांडलेले असेल, तर कोणतेही सॉफ्टवेअर वाचवू शकत नाही. ऑनलाइनचा गठ्ठा रविवारी घरीच ठेवावा.

सुरुवात बहुतेकांची फोनवरच होते. गठ्ठ्याचा फोटो टाकायचा आणि पहिल्यांदा ‘बुक’ लिहील त्याला पुस्तक द्यायचे. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप २०१८ मध्ये आले, पुढच्या वर्षी त्यात वस्तूंची यादी ठेवण्याची सोय झाली. ती यादी पाचशे वस्तूंपर्यंत जाते. ओळखीच्या दोनशे वाचकांवर चालणाऱ्या धंद्याला एवढे पुरते, आणि त्यांनी घाईने वेबसाइट काढू नये असे वाटते. मोठ्या बाजारमंचांवर गिऱ्हाईक तयार मिळते. फ्लिपकार्टची सुरुवातच २००७ मध्ये पुस्तकांनी झाली आणि तिचा पहिला ग्राहक हैदराबादेपासून जवळच्या महबूबनगरचा होता. पण हे मंच आयएसबीएन या पुस्तक-क्रमांकावर चालतात. १९३५ साली छापलेल्या मराठी चरित्राला तो क्रमांक नसतो, आणि अशी पुस्तकेच तर विक्रेत्याची खरी मिळकत.

स्वतःच्या दुकानाचे दोन मार्ग. शॉपिफाय (२००६) हे भाड्याचे दुकान. सर्व्हर, सुरक्षा, अद्ययावतीकरण कंपनीकडे, विक्रेत्याने महिन्याचे भाडे द्यायचे. तिची स्वतःची पैसे स्वीकारण्याची सेवा भारतात नाही, त्यामुळे बाहेरचा पेमेंट गेटवे जोडावा लागतो आणि त्याच्या कमिशनशिवाय कंपनीही प्रत्येक विक्रीवर आपला वाटा लावते. दीडशे रुपयांच्या पुस्तकाला हे जड जाते. वूकॉमर्स (२०११) संकेतस्थळे चालवणाऱ्या वर्डप्रेसवर बसते आणि फुकट आहे. होस्टिंग, डोमेन, बॅकअप आणि प्लगिन वेळच्या वेळी अद्ययावत करण्याची जबाबदारी मात्र आपली. मॅजेंटो हे तिसरे सॉफ्टवेअर या व्यापारासाठी फारच अवजड. घरात कोणी वर्डप्रेस हाताळणारे असेल तर वूकॉमर्स, नसेल तर भाड्याचे दुकान, असा कौल देता येतो. ओळखीतला कोणीतरी मुलगा सांभाळेल, या भरवशावर वूकॉमर्स घेऊ नये.

मराठी मजकुराच्या अडचणी माहितीपत्रकात सापडत नाहीत. वर्डप्रेसमध्ये पानाच्या पत्त्याला दोनशे अक्षरांची मर्यादा आहे, आणि प्रत्येक देवनागरी चिन्ह तिथे टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरांची जागा खाते. काना, मात्रा, अनुस्वार हेही वेगळे मोजले जातात. बाविसाव्या चिन्हानंतर शीर्षक तुटते, म्हणून पत्ता रोमन लिपीत हाताने भरावा. शोधाची अडचण याहून मोठी. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांवर ‘कांहीं’, ‘नांव’ अशी रूपे छापलेली असतात. वाचक ‘काही’ टाइप करतो आणि साधा शोध ते पुस्तक दाखवेलच असे नाही. मुखपृष्ठावरचे रूप शीर्षकात जसेच्या तसे ठेवावे आणि आजचे रूप वर्णनात द्यावे. पानांवर ग्रंथालयाचा शिक्का आहे का, बांधणी सुटली आहे का, वाळवीची भोके किती पानांपर्यंत गेली आहेत, यासाठी वेगळे रकाने करता येतात की नाही हेही आधीच विचारावे. परत येणाऱ्या पार्सलांचे प्रमाण या रकान्यांवर ठरते.

टपालाचा हिशेब वजनावर चालतो. १ मे २०२५ पासून टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा सुरू झाली. तिचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १०० रुपये, कर वेगळा. जाहिराती असलेली प्रकाशने त्यात बसत नाहीत, त्यामुळे दिवाळी अंकांना निराळा दर लावावा लागतो. वूकॉमर्सच्या मूळ संचात वजनाच्या टप्प्यांनुसार दर लावता येत नाही, त्यासाठी वेगळे प्लगिन लागते. त्याऐवजी वजनगट पाडून काम भागवले, तर दोन वेगळ्या गटांतल्या पुस्तकांचे टपाल एका पार्सलचे न धरता बेरीज करून आकारले जाऊ शकते, आणि गिऱ्हाईक तिथेच माघारी फिरते. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून व्यापारी शुल्क नाही, तरी गेटवे आपला सेवाखर्च घेऊ शकतो, म्हणून करार वाचूनच सही करावी. कॅश ऑन डिलिव्हरी टाळलेली बरी, नाकारलेल्या पार्सलाचे दोन्ही बाजूंचे भाडे विक्रेत्याच्या माथी येते.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. सोबत पेन, भेटकार्डे विकायला घेतली की हे चित्र बदलते आणि सॉफ्टवेअरमधली कराची मांडणीही त्यानुसार करावी लागते. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे दुकानाचे नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव संकेतस्थळावर हवे आणि आलेल्या तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायला हवी.

डोमेन विक्रेत्याच्या स्वतःच्या नावावर घ्यावे, बनवून देणाऱ्याच्या नव्हे. पैसे भरण्यापूर्वी चाचणी म्हणून पंचवीस-तीस पुस्तके चढवावीत, त्यांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडावी. देवनागरीच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसली, तर आधी फाइल यूटीएफ-८ म्हणून उघडून बघावी. तरीही अक्षरे आली नाहीत, किंवा छायाचित्रांचे दुवे गायब असले, तर ते सॉफ्टवेअर घेऊ नये.