उपवासक्षीणता (बायबलमधील प्रार्थनांतील)

उपास आणि शोक यांमुळे अंगातले त्राण जाणे. जुन्या करारातील प्रार्थनांत, विशेषतः स्तोत्रसंहितेतील विलापस्तोत्रांत, हे वर्णन वारंवार येते. १०९ व्या स्तोत्रातला गांजलेला माणूस देवाला सांगतो, की उपासाने गुडघे लटपटतात, अंगावरचे मांस झडले आहे. १०२ व्या स्तोत्रातील दुःखिताला जेवणाची शुद्ध नाही; हाडे वर आली आहेत, पाण्यात आसवे मिसळतात, डोळ्याला डोळा लागत नाही. गुडघ्यांचा उल्लेख शरीराच्या दृष्टीनेही अचूक आहे. यकृतातील साखरेचा साठा साधारण दिवसभरात सरतो. पुढे चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि उठताना रक्तदाब घसरून भोवळ येते.

भोकर-माहूर भागातल्या वाचकाला नवरात्राचे कडक उपवास आठवतील; पण ते व्रत असते, संकल्प सोडून धरलेले. स्तोत्रांतला उपास पुण्य म्हणून मांडलेला नाही. अंग गळाले, एवढीच देवापुढची तक्रार. उपास धरून मजुरांना राबवणाऱ्यांना तर संदेष्टा यशया (अध्याय ५८) सरळ फटकारतो.

असा उपास कथांतही येतो. दुसऱ्या शमुवेलच्या बाराव्या अध्यायात राजा दाविदाचे मूल आजारी पडते. तो अन्न सोडून जमिनीवर पडून राहतो. घरातले वडीलधारे उठवायला येतात, तो उठत नाही. सातव्या दिवशी मूल जाते. मग तो अंघोळ करतो, अंगाला तेल लावतो आणि जेवायला मागतो. चाकर चक्रावतात. याच ग्रंथात सेनापती अबनेरच्या दफनानंतर लोक दाविदाला दोन घास खा म्हणून विनवतात. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही तेव्हा भावकी किंवा सोयरे कडू घास घेऊन येतात, त्याच जातीचा हा प्रसंग.

मराठीत या स्तोत्रांशी जवळून झुंजलेली व्यक्ती म्हणजे बायबलच्या भाषांतरकार पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). दुष्काळात त्यांच्या कुटुंबाने व्रते, उपास, तीर्थयात्रा सगळे केले. शेवटी अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. १८७४ मध्ये आईवडील गेले, पुढे थोरली बहीणही. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे, आणि ते स्तोत्रांच्या शेजारी ठेवून वाचावे. जुलै १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा वारली, तेव्हाही हिब्रू-ग्रीकवरून चाललेले बायबलचे भाषांतर त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले; संपूर्ण मराठी बायबल केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनने १९२४ मध्ये प्रसिद्ध केले.