पंचहौद चहा प्रकरण : चर्चच्या आवारातल्या चहाने पुण्याचं राजकारण कसं ढवळलं?

पुण्याच्या गुरुवार पेठेत 'पवित्र नाम देवालय' हे अँग्लिकन मिशनने बांधलेलं चर्च आहे. १८८५ मध्ये ते उपासनेसाठी खुलं झालं. पाण्याच्या पाच हौदांवरून या परिसराला पंचहौद म्हणतात. राजकीय इतिहासात मात्र हे नाव आलं ते चहामुळे.

नेमकं काय घडलं?

ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांचा त्यात पुढाकार होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बाळ गंगाधर टिळकही हजर होते. सभेनंतर चहा-बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी मान राखायला कप नुसता हातात धरला. पुढे हजर असलेल्यांची यादी 'पुणे वैभव' या वृत्तपत्रात छापून आली आणि गदारोळ उडाला.

चहावरून एवढा वाद का?

ख्रिस्ती माणसाच्या हातचं खाणंपिणं तेव्हा ब्राह्मणांना निषिद्ध मानलं जाई. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली आणि चौकशी नेमली गेली. जातीचा नियम मोडल्यावरून होणाऱ्या अशा वादाला 'ग्रामण्य' म्हणत. सरकारी कायद्याने हा गुन्हा नव्हता. पण बहिष्कार पडला की घरच्या कार्याला भटजी मिळत नसे, पंगतीत पान मांडलं जात नसे, मुलामुलींची लग्नं अडत. त्यामुळे झळ सगळ्या कुटुंबाला बसे.

टिळक आणि रानडे यांनी काय केलं?

आपण काशीला प्रायश्चित्त घेतलं आहे, असं टिळकांनी सांगितलं. रानडेंनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. सुधारकांचा नेताच नमला, अशी टीका त्यांच्यावर झाली.

राजकारणाशी संबंध काय?

आधी समाजसुधारणा की आधी राजकीय हक्क, हा त्या काळातला कळीचा वाद होता. १८९१ च्या संमतिवय विधेयकाला रानडेंनी पाठिंबा दिला, तर टिळकांनी विरोध केला. १८९५ च्या पुणे काँग्रेसवेळी सामाजिक परिषद काँग्रेसच्या मांडवात भरवू नये यावरून वाद पेटला आणि ती दुसरीकडे घ्यावी लागली. इंग्रज सरकारकडे हक्क मागणारे नेतेही जातीच्या बहिष्कारापुढे किती अडचणीत येत, हे पंचहौदने त्याआधीच दाखवून दिलं होतं.

सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवणारा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा आहे. म्हणजे त्या चहानंतर तब्बल सव्वाशे वर्षांनी आलेला.